रायबंदर कॉजवेवर वेग 30 करा. वेगळा ट्रॅक नको, एवढंच द्या

रायबंदरकर | सोमवार, रात्री 9.40

आज सकाळी पावणेनऊला कॉजवेवर, म्हणजे रायबंदरहून पणजीला जाणाऱ्या पाणथळीतल्या बांधरस्त्यावर, पडलो. मागून खाजगी बस, समोरून दुसरी बस. दोन बस समोरासमोर आल्या की सायकलला जी कड उरते ती माझ्या हँडलच्या रुंदीचीही नसते. मागच्याने हॉर्न दिला आणि घुसला. मी कडेला उतरलो, पुढचं चाक वळलं, कोपर सोलवटला आणि डब्यातली खतखत्याची भाजी रस्त्यावर. बस थांबली, पण ती पुढच्या स्टॉपवर, माणसं घ्यायला.

रायबंदर ते पणजीतलं पाटो रोज सायकलने जातो त्याला आठ वर्षं झाली. हौस म्हणून नव्हे. पणजीत गाडी लावायला जागा शोधण्यात जितका वेळ जातो तितक्या वेळात मी टेबलावर पोचलेला असतो.

हा रस्ता 1633-34 मधला. व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधला, म्हणून पोंते दि लिन्यारिश. लांबी सुमारे 3 किलोमीटर. बांधला तेव्हा त्यावरून घोडे, पालख्या आणि पायी माणसं जात. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. रुंद करायला जागा नाही, आणि कोणी करायला निघाला तर मीच आडवा पडेन. म्हणून सायकल ट्रॅक द्या असं मी म्हणत नाही. जागा वाटून घेता येत नसेल तर वेग तरी सारखा करा. कॉजवेवर सगळ्यांना ताशी 30 किलोमीटर, आणि तो खरोखर पाळायला लावा. जुने गोवे, फोंड्याकडून येणाऱ्या चारचाकींना कदंब पठारावरचा बायपास आहे, त्यांनी तिथून जावं. आणि गटारावरच्या जाळ्या आडव्या बसवा. चाकाच्या दिशेने उभ्या फटी ठेवल्या की सायकलचा टायर त्यात जातोच.

यात खर्च किती? पाट्या आणि चार लोखंडी जाळ्या.

डिचोली ते पणजी | सोमवार, रात्री 10.15

पडलात त्याचं वाईट वाटलं, काळजी घ्या. पण बाब, तुमच्या 30 मुळे आमचं काय होतं तेही ऐका. मी मये, चोडण, मग फेरीबोट, मग तुमचा कॉजवे असा येतो. फेरीची रांग कधी वीस मिनिटांची, कधी चाळीस. फेरी लागली की फाटक उघडायच्या आधी सगळ्यांच्या स्कूटर चालू झालेल्या असतात, कारण प्रत्येकाचा मस्टर चुकत असतो. त्यानंतर तुम्ही सांगणार, आता तीसने चला. ऑफिस रायबंदराच्या दारात असलेल्याला हे बोलायला सोपं आहे.

रायबंदरकर | सोमवार, रात्री 10.31

तीन किलोमीटर 50 ने गेलात तर 3 मिनिटं 36 सेकंद. 30 ने गेलात तर 6 मिनिटं. फरक 2 मिनिटं 24 सेकंदांचा, तोही पाटोच्या सिग्नलला आणि दिवजा सर्कलला कुठेच अडकला नाहीत तर. तुमचा मस्टर फेरी चुकवते, मी नाही.

डिचोली ते पणजी | सोमवार, रात्री 10.44

हिशेब बरोबर आहे, पण माणूस सकाळी हिशेबाने गाडी चालवत नाही.

रायबंदरकर | सोमवार, रात्री 10.46

तेच तर माझं म्हणणं.

पर्वरी फ्लायओव्हरखाली अडकलेला | सोमवार, रात्री 11.20

सायकल हा विषयच मुळात श्रीमंतांचा आहे. रविवारी पहाटे मिरामार-दोनापावलाला पाहा. घट्ट कपडे, हेल्मेटला कॅमेरा, माझ्या स्कूटरपेक्षा महाग सायकल, तीन-तीन जण शेजारी शेजारी. हॉर्न वाजवला की आपल्यालाच डोळे वटारतात. 2019 पासून पणजीत आयर्नमॅन 70.3 ही पोहणं-सायकल-धावण्याची शर्यत होते, त्यात सायकलचे 90 किलोमीटर. त्या दिवशी रस्ते बंद ठेवायला प्रशासनाला लगेच जमतं. मग तेच लोक निवेदन देतात आणि फोटो छापून येतात. गोव्याच्या रस्त्यावर आधी खड्डे बुजवा.

पदेराचा मुलगा | मंगळवार, सकाळी 11.05

आता घरी आलो, म्हणून उशिरा लिहितो. घट्ट कपडे माझ्याकडे नाहीत, आम्ही पदेर, म्हणजे पाववाले. सायकलच्या मागे पांटलो, म्हणजे पावाची टोपली असते, त्यावर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंपू. आत उंडे, पोयी, कांकणं असे पाव. पहाटे साडेपाचला निघतो. भावाने दोन वर्षांपूर्वी सायकल सोडून स्कूटर घेतली. त्याचा फेरा लवकर संपतो हे खरं, पण गल्लीत आजीबाई खिडकीतून हाक मारतात ती इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही, आणि मग तक्रार मला ऐकावी लागते.

सायकलवाले फक्त रविवारी असतात असं म्हणणाऱ्यांनी पहाटे उठावं. मिठागरावर, बांधकामावर, हॉटेलच्या मागच्या दाराने जाणारे सगळे सायकलवर. ते निवेदन देत नाहीत, कारण त्या वेळी ते कामावर असतात.

पण रायबंदरकर, एक सांगतो. वेग कमी करायला रंबलर, म्हणजे रस्त्यावरच्या खडबडीत आडव्या पट्ट्या, घालू नका. भरलेला पांटलो मागे असला की रंबलरवर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ताब्यात राहत नाही. मी दोनदा रस्त्यावर पाव वेचलेत. गाडीवाला रंबलरवरून तसाच जातो, मोडतं ते सायकलवाल्याचं.

माशेलची | मंगळवार, दुपारी 1.30

सायकल, स्कूटर, बस झाली. चालणाऱ्यांचं कोण बोलणार?

मी माशेलहून बसने रायबंदरला उतरते आणि तिथून घरकामाला दोन घरं पायी करते. फूटपाथ जिथे आहे तिथे त्यावर गाडी उभी. गाडी नसेल तिथे फरशी उचललेली. आणि सायकलवाले बाब, रागावू नका, रस्त्यावर भीती वाटली की तुमच्यातलेही फूटपाथवर चढतात आणि मागून घंटी वाजवतात. तुम्हाला बसवाल्याचा जो राग येतो तोच मला तुमचा येतो.

संध्याकाळी सातनंतर दिवे नसतील तिथे तर मी चालतच नाही, तेवढ्यासाठी पायलटला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, पैसे देते.

रायबंदरकर | मंगळवार, दुपारी 2.10

मान्य. मीही चढलोय. ते चूकच.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, संध्याकाळी 6.50

तीस वर्षं रस्त्यांचं काम पाहिलं, म्हणून चार शब्द. बहुतेकांना आवडणार नाहीत.

फूटपाथ कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय. मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, कर्बची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे कर्ब गुडघ्याला लागतो, कारण गाड्या चढू नयेत म्हणून तो उंच करतात. मग म्हातारी माणसं चढू शकत नाहीत, ती रस्त्यावरून चालतात, आणि बाईकवाले रॅम्प शोधून चढतातच. एक आवरायला गेलं आणि दुसरंच बिघडलं.

ट्रॅकचं म्हणाल तर पुण्याकडे पाहा. सायकलींचं शहर म्हणून ज्याचं नाव होतं, तिथे बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांच्या, वेळी किती किलोमीटर ट्रॅक झाले! 2017 मध्ये सायकल आराखडासुद्धा मंजूर झाला. आज त्यावर पार्किंग, वडापावच्या गाड्या, मध्येच विजेचा डीपी, झाडाभोवती पार. ट्रॅक चौकापाशी येऊन संपतो, म्हणजे नेमका जिथे सायकलवाला मरतो तिथे. माझे पुण्यातले मेहुणे म्हणतात, ट्रॅकवरून जाण्यापेक्षा बसच्या मागून गेलेलं बरं. तेव्हा रायबंदरकरांनी ट्रॅक मागितला नाही हे शहाणपणाचं.

आता त्यांच्या मागणीवर माझा आक्षेप. नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही. ड्रायव्हर पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. सरळ, मोकळा, वळण नसलेला तीन किलोमीटर रस्ता त्याला सांगतो की दाब. वेग उतरवायचा तर रस्ता तसा दिसायला हवा. कडेच्या पट्ट्यांनी मधली लेन अरुंद दाखवायची, दोन्ही टोकांना प्रवेशाची जागा आवळायची, घरं सुरू होतात तिथे लांब उताराचं स्पीड टेबल, म्हणजे सपाट माथ्याचा रुंद उंचवटा, द्यायचं. रंबलर नव्हे, पदेराचं बरोबर आहे. टेबलाचा उतार नीट साधला तर भरलेली सायकल आरामात जाते. पण उतार नीट साधणारा ठेकेदार मी नोकरीत दोनच पाहिले.

आणि कोणी बोलार्ड, म्हणजे रस्त्यात रोवलेले आखूड खांब, सुचवण्याआधी सांगतो. कॉजवेवर बोलार्ड ठोकले आणि एक बस बंद पडली की रायबंदरपासून पाटोपर्यंत सगळं ठप्प. मागची अँब्युलन्स कुठून काढणार? बांबोळीच्या इस्पितळाचा रस्ता तिथून फार लांब आहे.

पर्वरी फ्लायओव्हरखाली अडकलेला | मंगळवार, संध्याकाळी 7.15

ओव्हरसियर साहेब, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. आता हेही सांगा, एप्रिलच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात कोण सायकल चालवणार? वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो इथे. हॉलंड आहे का?

मिठागर | मंगळवार, रात्री 8.02

हॉलंड सोडा. स्पेनमधलं सेव्हिल घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे आपल्या पणजीपेक्षा जास्त. 2006 नंतरच्या चारेक वर्षांत त्यांनी सुमारे 80 किलोमीटरचं जाळं केलं. एकमेकांना जोडलेलं, मध्ये न तुटणारं. तोवर तिथे सायकलवर जवळजवळ कोणी नव्हतं. जाळं झाल्यावर माणसं आली. ऊन तेवढंच होतं.

पावसाचं म्हणाल तर पावसात तुमची स्कूटरही भिजते. आपण रेनकोट घालून जातोच ना? पावसात सायकल सोडायला लावतो तो पाण्याखाली न दिसणारा खड्डा.

आणि आमच्याकडे ठरवलं की काय होत नाही? 2019 ला मांडवीवर अटल सेतू झाला, पाच किलोमीटरचा. त्यावर दुचाकीलाच बंदी, सायकलचं नाव कोण काढणार. एका पुलावरून दुचाकी पूर्ण हद्दपार करता येते, तेव्हा कोणी म्हणत नाही की लोकांच्या सवयी बदलणार नाहीत. मग दुसऱ्या रस्त्यावरून गाड्यांचा नुसता वेग उतरवायला एवढी चर्चा का?

डिचोली ते पणजी | मंगळवार, रात्री 8.40

अटल सेतूचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. दुचाकीवाल्यांना तिथून हाकललं, आता कॉजवेवरही आमच्याच मागे लागा.

रायबंदरकर | मंगळवार, रात्री 9.05

दुचाकीला बंदी मी कुठे मागितली? माझं पोस्ट पुन्हा वाचा. उलट दुचाकी आणि सायकल एकाच बाजूला आहेत. बसने ढकललं की तुम्हीही माझ्यासारखेच कडेला जाता, फक्त तुमच्याकडे आरसा आहे. 50 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, 30 ला 8. ड्रायव्हरचं लक्ष एक सेकंद हललं तर एवढाच फरक माझ्या आणि तुमच्या वाट्याला येतो.

खाजगी बस, मालक नाही चालक | मंगळवार, रात्री 10.30

सगळे बसला शिव्या देताहेत म्हणून लिहितो. मला वेगाची हौस नाही. मालकाला संध्याकाळी कलेक्शन द्यायचं असतं. टायमिंगमध्ये दोन मिनिटांचं अंतर, मागची बस चिकटली की स्टॉपवरची माणसं ती उचलते. कंडक्टर माणसांवर ओरडत असतो, फाटीं वच, फाटीं वच, म्हणजे मागे सरका. तीसची पाटी लावा, मी पाळीन. पण मागचाही पाळेल याची हमी कोण देतो? एकटा पाळणारा उपाशी राहतो. सगळ्यांना लागू करा आणि टायमिंग त्याप्रमाणे बदलून द्या, मग माझी काही तक्रार नाही. पडलेल्या माणसाजवळ थांबायला हवं होतं, ते मात्र चूक.

रायबंदरकर | मंगळवार, रात्री 10.52

या धाग्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेला मजकूर हा. टायमिंगचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. निवेदनात घालतो.

मेरशीचा शेजारी | बुधवार, सकाळी 7.20

निवेदन कसलं, रविवारी ग्रामसभेत ठराव घ्या. गोव्यात ग्रामसभेनेच कामं होतात. रीजनल प्लॅन 2011, म्हणजे गोव्याचा जमीनवापराचा आराखडा, लोकांच्या विरोधामुळे कसा मागे घ्यावा लागला आठवा.

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, सकाळी 7.58

रायबंदर पणजी महापालिकेत येतं. ग्रामसभा कुठून आणणार? नगरसेवकाकडे जा, आणि जाताना आकडे न्या. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198अ कलम आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला 1 लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, पण पत्रात कलम लिहिलं की फाईल या टेबलावरून त्या टेबलावर लवकर सरकते. हे अनुभवाने सांगतो.

आकडे म्हणजे मोजणी. कॉजवेच्या तोंडाशी उभं राहून तासाला किती सायकली, किती पायी, किती दुचाकी, किती बस. फेरी लागल्यानंतरची दहा मिनिटं वेगळी मोजा. तिथे वाहनं लाटेसारखी येतात, सरासरीत ती लपतात.

रायबंदरकर | बुधवार, सकाळी 8.30

शुक्रवारी सकाळी 8 ते 10 मी उभा राहतो. डिचोलीकर, तुम्ही फेरीतून उतरून दहा मिनिटं थांबाल? तुमच्या बाजूचे आकडे तुम्हीच मोजा, म्हणजे मी खोटं मोजलं असं कोणी म्हणणार नाही.

डिचोली ते पणजी | बुधवार, सकाळी 8.41

फेरी वेळेवर लागली तर येतो. आणि 30 मला अजूनही पटलेलं नाही. 40 वर बोलू.

माशेलची | बुधवार, दुपारी 1.15

पायी चालणाऱ्यांचा वेगळा रकाना ठेवा. आणि मधे रस्ता ओलांडायला कोण किती वेळ उभं राहतं तेही लिहा.

पदेराचा मुलगा | बुधवार, दुपारी 1.40

आठला मोजून काय उपयोग? आठला मी झोपलेलो असतो. पहाटे पावणेसहाला या, पाव मी देतो.