मदत हवी आहे: खेकड्याचा कच्चा रस आणि फुफ्फुसातला कृमी

गेल्या रविवारी ओढ्यातले काळे खेकडे आणले. समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले. नेहमीसारखे बारीक पाय मिक्सरमधून फिरवून, गाळून तो रस रश्शात घातला. रस्सा 20 मिनिटं खळखळून उकळला, त्याची काळजी नाही. घोळ मिक्सरच्या भांड्याचा झाला. ते नुसतं पाण्याने विसळून त्यातच ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली गेली आणि 6 वर्षांच्या मुलीने ती चाटूनपुसून खाल्ली.

मणिपूरकडे अशा खेकड्यांतून पॅरागोनिमस, म्हणजे हा फुफ्फुसातला कृमी, होतो, खोकल्यातून रक्त पडतं आणि टीबी समजून औषधं चालू राहतात, एवढं वाचलंय. आज आठवा दिवस. ताप, खोकला, पोटदुखी काही नाही. आमच्या डॉक्टरांनी हा कृमी कधी पाहिलेला नाही. ते जंतांचं नेहमीचं औषध, अल्बेंडाझोल, देऊ म्हणतात, पण यावर प्राझिक्वांटेल देतात ना? मनाने काहीच दिलेलं नाही.

सह्याद्रीतल्या खेकड्यांत हा कृमी कोणाला आढळलाय का? आणि लक्षणं नसताना आत्ताच तपासणी करावी की थांबावं? थांबायचं तर किती आठवडे, आणि मग थुंकी तपासायची की रक्त?