वझिरिस्तान १९३६-३७: पिकेट चढवणं आणि उतरवणं नेमकं कसं चालायचं?

खिंडवाट
इपीच्या फकिराविरुद्धच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या टोळीवाल्यांच्या पुढाऱ्याविरुद्धच्या मोहिमेत एक गोष्ट उलगडत नाहीये. १९३७च्या वसंतापर्यंत वझिरिस्तानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या डोंगराळ भागात, सरकारची जवळपास ४० हजार फौज उतरली होती. पहाडी तोफा होत्या, विमानं होती. समोर विखुरलेले बंदूकधारी टोळीवाले. तरी कॉलम (कूच करणारी फौजेची लांब रांग) दिवसाला आठ-दहा मैलांपुढे फारसा सरकत नाही, आणि नुकसान बहुतेक वेळा दुपारनंतर होतं. ‘दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर पिकेट (पहाऱ्याची छोटी तुकडी) चढवत पुढे जायचं’ एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण चढतं कोण, किती जण, खाली कधी येतात, आणि चुकतं कुठे?

डोंगरसोंड
चुकतं ते उतरताना. सगळी पद्धत त्या उतरण्याभोवतीच बांधलेली आहे.

आधी चढाई. आघाडीच्या पलटणीचा (बटालियनचा) कमांडर पुढचा माथा निवडतो आणि बहुधा एक प्लाटून, म्हणजे साधारण २५-३० माणसं, वेगळी काढतो. माथा बोटाने दाखवायचा, पिकेटला नंबर द्यायचा. मशीनगन आणि पहाडी तोफा त्या माथ्यावर रोखल्या जाईपर्यंत ही माणसं वाट सोडत नाहीत. चढायचं सोंडेवरून, घळीतून कधीच नाही. माथ्याच्या जरा खाली थांबून दम घ्यायचा, संगिनी लावायच्या आणि शेवटचा टप्पा रुंद पसरून एकदम मारायचा. वर पोचल्यावर निम्मे बंदुका रोखून आडवे, निम्मे दगड रचून संगर, म्हणजे आडोशाची बुटकी भिंत, उभारतात. खाली वाटेवर दोन-तीन जवान चिठ्ठी घेऊन थांबतात: पिकेटचा नंबर, जागा, माणसं किती. ही चिठ्ठी पिछाडीच्या कमांडरच्या हातात पडली नाही, तर एखादं पिकेट वरच विसरलं जाण्याचा धोका खरा आहे.

अशी तुकडी-तुकडीने पलटण टेकड्यांवर चढून संपली की मागची पलटण आघाडीला येते. उतरलेली पिकेटं पिछाडीच्या पुढून कॉलमला परत मिळतात. म्हणजे कॉलमचा वेग हा खेचरांचा वेग नसतो, माथे चढण्याचा असतो. तुमचे आठ-दहा मैल इथून येतात.

आता उतरणं. पिछाडीबरोबर मोठं लाल निशाण असतं. आपली शेवटची माणसं कुठवर आली ते वरच्यांना त्यावरून कळतं. इशारा मिळाला की आधी लुईस गन (हलकी मशीनगन) आणि बहुतेक माणसं सरपटत मागे येतात, आकाशाच्या रेषेवर एकही डोकं दिसू न देता. संगरमध्ये तिघे-चौघे उरतात आणि माणसं कमी झाल्याचं कळू देत नाहीत. मधल्या पदरावर एक गट थांबून माथ्यावर बंदुका रोखतो. मग शेवटचे निघतात, ते धावतच. चढलो त्याच वाटेने उतरायचं नाही, कारण ती वाट समोरच्याने सकाळीच बघून ठेवलेली असते.

एवढी काटेकोरी कशासाठी? मेहसूद किंवा वझीर टोळीचा माणूस संगरपासून तीस-चाळीस पावलांवर, वरून न दिसणाऱ्या उतारावर तासन्‌तास पडून राहायचा. तो पिकेटवर चाल करत नसे, संगर रिकामा व्हायची वाट बघत असे. शेवटचा जवान निघाला की काही क्षणांत तो त्याच दगडांच्या आडून खाली पळणाऱ्यांच्या पाठीत गोळ्या घालणार. एक जण पडला की सगळं गणित फिरतं. जखमीला मागे सोडायचं नाही हा नियम पक्का होता, सोडलं तर त्याचं काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याला उचलायला चौघे लागतात. त्या चौघांना आड द्यायला बहुतेक वेळा अख्खी प्लाटून पुन्हा वर जाते. हे दुपारी तीनला घडलं तर पुढचा तळ हुकला म्हणून समजा, कारण तळाभोवतीची दगडी भिंत आणि तळाची पिकेटं उजेड असतानाच उभी राहावी लागतात.

तोफखानावाला
तोफांची बाजू जोडतो. ३.७ इंची पहाडी हॉवित्झर सुटी करून आठ खेचरांवर लादली जायची. गोळा उंच जाऊन माथ्यापलीकडच्या उतारावर पडतो, आणि नेमका तिथेच शत्रू दडलेला असतो. म्हणून ही तोफ इथे कामाची. काही तोफा कायम रोखलेल्या ठेवायच्या, बाकीच्या पुढे सरकवायच्या, मग अदलाबदल. सगळ्याच तोफा एकदम खेचरांवर चढल्या तर तेवढा वेळ वरची पिकेटं उघडी पडतात.

नाजूक क्षण एकच. शेवटचा माणूस माथ्यावरून सुटल्याचा इशारा आला की गोळे माथ्यावर पडले पाहिजेत. अर्धा मिनिट आधी पडले तर आपलीच माणसं जातात, अर्धा मिनिट उशिरा पडले तर संगर त्यांच्या हातात गेलेला असतो. खोटा माथा हीसुद्धा नेहमीची चूक. खालून शिखर वाटतं तिथे संगर बांधतात आणि खरा माथा शे-दीडशे पावलं पुढे निघतो.

रझमक_रोड
वरच्या दोघांशी सहमत, पण २५ नोव्हेंबर १९३६ची खैसोरा खोऱ्यातली घटना यात यायलाच हवी. रझमककडून एक कॉलम, मीर अलीकडून दुसरा, भेटायचं बिच्छे काश्काईला. प्रतिकार होणार नाही असं धरून, निव्वळ ताकद दाखवण्याचा हा मार्च काढला होता. आपण होऊन गोळी झाडायची नाही असा हुकूम होता. मीर अलीच्या कॉलमकडे दोनच पलटणी. खोरं तापलं, प्रत्येक माथ्यासाठी लढावं लागलं, पिकेटांना माणसं पुरेनात आणि तो कॉलम त्या रात्री ठरल्या जागी पोचलाच नाही. माझ्या मते ही चूक जवानांची नाही, कागदावर दोन पलटणींचा कॉलम आखणाऱ्यांची आहे.

याच्या उलट ११-१२ मे १९३७ची रात्र. बन्नू ब्रिगेड तोची स्काउट्सना (स्थानिक भरतीच्या निमलष्करी दलाला) पुढे घालून खोरं सोडून इब्लांके धारेवरून अंधारात गेली आणि सकाळी शाम पठारावर उतरली. धारेवरूनच चाललात तर पिकेट चढवायचं कामच उरत नाही. मेअखेर फकिराचं ठाणं अर्सल कोट पाडलं. फकीर मात्र निसटला आणि १९६०मध्ये मरेपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही.

खिंडवाट
आता चित्र स्पष्ट झालं, मनापासून आभार. मग शहूर तंगीत (तंगी म्हणजे उभ्या कड्यांमधली अरुंद खिंड), ९ एप्रिल १९३७ला, काय बिघडलं? तिथे तर चिलखती गाड्याही होत्या.

डोंगरसोंड
तिथे मांझईहून वानाला जाणाऱ्या लॉऱ्यांचा काफिला होता आणि तंगीच्या कड्यांवर सैन्याची पिकेटं चढवलेली नव्हती. अरुंद तंगीत पुढच्या लॉऱ्या अडल्या की मागच्यांना वळायलाही जागा नसते. चिलखती गाडीची मशीनगन जवळच्या उभ्या कड्यावर पुरेशी उचलता येत नाही. विमानांचंही तेच. वापिटी आणि ऑडॅक्स टेहळणीला, निरोप टाकायला चांगली, पण खडकाच्या रंगाच्या कपड्यांतला, झुडपाखाली निश्चल पडलेला माणूस वरून दिसत नाही.

नकाशा घेऊन एखादा दिवस स्वतः आखून बघा. वाटेवर बंदुकीचा मारा पोचेल असा प्रत्येक माथा खुणेने भरा आणि प्रत्येकी एक प्लाटून धरा. मग वळणं तपासा. वळणाआड लाल निशाण दिसत नाही, तिथे इशारा पुढे पोचवायला मध्ये आणखी एक पिकेट लागतं, आणि आखताना हेच सर्वात आधी विसरलं जातं.