सप्ताहात म्यूट ग्रुप (एका बटणाने अनेक माइक एकदम बंद-चालू) कसे लावायचे? आणि मृदंगाचा लाल लाइट जातच नाही

गिरणाकाठ (चाळीसगाव)
नमस्कार मंडळी. गावात सप्ताह चालू आहे, आज तिसरा दिवस. गेल्या वर्षापर्यंत साध्या मिक्सरवर भागायचं, यंदा टॅबवर चालणारा बेहरिंगर एक्सआर१८ घेतला. महाराजांचा कॉलर माइक, त्यांच्यासमोर स्टँडवर एक, गायनाचार्यांचे २, पेटी, वीणा, मृदंगाला २ आणि टाळकऱ्यांसमोर ४, असे १२ माइक होतात.

महाराज निरूपणाला लागले की मी बाकीचे माइक एकेक करून बंद करतो, तोवर स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजून जाते. काल तर त्यांनी बोलता बोलता एकदम गजर उचलला, मी घाईघाईने टाळ उघडले, पेटी उघडली आणि मृदंगाच्या चाटीचा (उजव्या बाजूचा) माइक उघडायचा राहूनच गेला. मृदंगवाले बुवा माझ्याकडे बघत हाताने खुणा करत होते, मला वाटलं मॉनिटर (त्यांना स्टेजवर ऐकू येणारा स्पीकर) वाढव म्हणताहेत, मी तो वाढवत बसलो. अख्खा गजर नुसता धुम धुम गेला. माणूस एवढ्या लांबून आलेला, फार वाईट वाटलं मला.

दुसरं म्हणजे मृदंगाच्या डाव्या बाजूच्या चॅनलला लाल लाइट लागतो. फेडर (आवाजाची सरकती दांडी) खाली आणला तरी आवाज फाटलेलाच येतो. दुपारी साउंड चेकला मात्र एकदम व्यवस्थित असतं. काय चुकतंय?

मंडपवाला, चोपडा
भाऊ, त्या मिक्सरला ४ म्यूट ग्रुप आहेत, तुला तेवढे पुरतात. पहिल्यात फक्त ४ टाळ. दुसऱ्यात मृदंगाचे २, पेटी, वीणा आणि स्टँडचा माइक. तिसऱ्यात इको आणि रिव्हर्बचे रिटर्न, म्हणजे त्या इफेक्टचा परत येणारा आवाज. चौथ्यात सगळंच, म्हणजे कार्यक्रमाआधी आणि नंतर वायरी काढताना-लावताना धाडधाड आवाज नको.

महाराजांचा कॉलर आणि गायनाचार्यांचे २ पहिल्या दोन ग्रुपांत टाकू नको. निरूपणात महाराज मधेच प्रमाण देतात, गायक ती ओळ लगेच उचलतात, तेव्हा तू टॅबवर बटण शोधत बसलास तर पहिले दोन शब्द गेलेच समज.

शिट्टीचं गणितही सांगतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज साधारण ३ डीबीने (डेसिबलने) कमी होतो. तू पहिले दोन ग्रुप दाबलेस की १२ वरून ३ माइक राहतात, म्हणजे दोनदा निम्मे, म्हणजे ६ डीबीची मोकळीक. महाराज हळू आवाजात बोलतात तेव्हा हीच ६ डीबी मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचवते. आणि निरूपणात इको बंदच ठेव, पत्र्याच्या मंडपात आधीच एवढं घुमतं की शब्द कळत नाही.

एक गोष्ट आजच रिकाम्या स्टेजवर करून बघ. एक चॅनल हाताने म्यूट कर, मग त्याचा ग्रुप दाब, मग ग्रुप सोड. तो चॅनल बंदच राहतो की उघडतो हे मिक्सरप्रमाणे आणि सेटिंगप्रमाणे बदलतं. हे कीर्तन चालू असताना कळायला नको.

मॉनिटरवाला, भुसावळ
वरच्या दादांचं बरोबर आहे, फक्त एक भर. म्यूट केलं की बहुतेक डिजिटल मिक्सरवर त्या चॅनलचं मॉनिटरला जाणंही बंद होतं. काल बुवांना स्वतःची चाटी मॉनिटरमधूनही ऐकू येत नसणार, म्हणूनच ते खुणा करत होते. बाहेरचा आवाज फक्त कमी करायचा असेल आणि मॉनिटर तसाच ठेवायचा असेल तर म्यूट ग्रुप नाही, डीसीए (अनेक चॅनलांचा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा एकच फेडर) वापर, मॉनिटरचे सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेले असले की डीसीए खाली घेतल्याने त्यांना धक्का लागत नाही.

आता लाल लाइट. तो फेडरचा नाही, गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल सुरुवातीलाच वाढवणाऱ्या कंट्रोलचा आहे. सिग्नल माइकमधून आधी गेनमध्ये येतो, फेडर त्याच्या पार पुढे. गेनवरच आवाज फाटला तर फेडर खाली घेऊन तू फाटलेला आवाज बारीक करतोयस, बस. डिजिटलमध्ये ० डीबीएफएस हे छप्पर, त्याच्या वर काहीच नाही. सरासरी -१८ च्या आसपास ठेव, मृदंगाच्या थापेचे झटके -१० ते -६ पर्यंत गेले तर जाऊ दे.

पण साउंड चेकला बरोबर आणि संध्याकाळी लाल, हे का? मला सांग, दुपारी बुवांनी डाव्या बाजूला कणिक लावलेली असते का? माझी खात्री आहे नसते. ओली कणीक वाजवायच्या जरा आधी लावतात, त्याने तो आवाज खोल आणि भरदार होतो, वाळत आली की पुन्हा बदलतो. तुझा गेन कोरड्या चामड्यावर बसवलेला आहे. बुवांना नम्रपणे विनंती कर, कणिक लावून झाली की गजराच्या जोराने एक मिनिट वाजवून द्या म्हण, आणि तेव्हा गेन बसव. एकदा बसला की कीर्तनात त्याला हात लावू नको, गेन हलवला की बाहेरचा आणि सगळ्यांच्या मॉनिटरमधला आवाज एकदम हलतो.

जुना डेकवाला, धुळे
मी अजूनही ॲनालॉगवरच करतो. टाळकऱ्यांचे चारही माइक एका सबग्रुपला, एकच फेडर. माझं मत, निरूपणात टाळ कट करू नये, हळू खाली न्यावा. टाळाचा शेवटचा नाद हवेत असतो आणि बटणाने तो मधेच तुटला की कानाला टोचतं.
आणि लाइटचं काय केलंय? जनरेटर चालू होईपर्यंत मिक्सर आणि वायफायचा राउटर दोन्ही यूपीएसवर पाहिजेत, नाहीतर टॅब हातात धरून बसशील. लाइट गेली की आधी ॲम्प बंद, सगळं परत चालू झाल्यावर ॲम्प शेवटी चालू.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
दादा, तिघांचे मनापासून आभार. आज टाळांना डीसीए लावला, मृदंग-पेटी-वीणा-स्टँडला म्यूट ग्रुप. तपासलं तर हाताने बंद केलेला चॅनल ग्रुप सोडल्यावर काय करतो तेही कळलं, आता हाताने म्यूट करतच नाही.
कणकेचं अगदी खरं निघालं. बुवा हसले, म्हणाले आजवर हे कोणी विचारलं नव्हतं, आणि पाच मिनिटं वाजवून दिलं. डाव्या चॅनलचा गेन ११ डीबी खाली आला! रात्री गजरात एकदाही लाल नाही. फक्त यूपीएस अजून नाही, उद्या जळगावला जाणाऱ्या पोराला आणायला सांगितलाय. राउटर आणि मिक्सर मिळून ६०० व्हीएचा पुरेल ना?

जुना डेकवाला, धुळे
पुरेल. ॲम्प त्यावर लावू नको तेवढं.