मदत हवी आहे: सेव्ह केलं की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होऊलालंय

मांजराकाठ (लातूर)
कंट्रोल एस दाबलं की अक्षरं मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यामुळे', सगळ्यांचं तेच. गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट करतेय. सोयाबीनच्या पेरणीची माहिती मृगाच्या आधी चढवायचीय आणि प्रत्येक ओळीत शेतकरी आहेच. कोड लिहायच्या एडिटरमध्ये नवीन प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, टाकल्यापासून सुरू झालंय. नेमकं कोणतं ते कसं शोधू? एकेक काढून बघायला वेळ नाही. लवकर सांगा.

गोदाकाठ (नांदेड)
एडिटर कोणता? नवीन प्लगिन म्हणजे कोणकोणती? फाइल कसली? मराठी टाइप कशाने करता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पैठणगेट
फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. नोटो सान्स देवनागरी टाका, एडिटर बंद करून परत उघडा. माझं असंच झालं होतं.

मांजराकाठ
व्हीएस कोड. विंडोज. फोनेटिक कीबोर्ड. प्लगिन बरेच आहेत, चाळीसच्या आसपास. फॉन्टचा संबंध नाही, सेव्ह करेपर्यंत त्याच फॉन्टमध्ये नीट दिसतं की.

उदगीरकर
चाळीस प्लगिन कशाला लागतात राव? व्हिम एडिटर वापरा. १९९१ पासून चालू आहे. क्लीन हा पर्याय लावून उघडलं की तुम्ही टाकलेलं एकही प्लगिन नाही, तुमची सेटिंगही नाही. बिघाड प्लगिनचा की एडिटरचा, लगेच कळतं.

गोदाकाठ
व्हीएस कोडही डिसेबल एक्सटेंशन्स लावून उघडता येतो, तिथं प्लगिनला एक्सटेंशन म्हणतात. त्यासाठी एडिटर बदलायची गरज नाही. ताईंना पेरणीच्या आधी काम संपवायचंय, नवीन एडिटर शिकायचा नाही.

उदगीरकर
मुद्दा वेगळा आहे. व्हिममध्ये व्हर्बोज लावून एखाद्या कळेचं मॅपिंग, म्हणजे तिला नेमून दिलेलं काम, विचारलं, तर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीने ती कळ बांधली ते सांगतो. तुमच्याकडं सेव्हच्या वेळी मजकुराला कोणी हात लावला याची नोंद दाखवा.

गोदाकाठ
तशी सरळ नोंद मिळत नाही, मान्य. पण शोधायची सोय आहे. ताई, कंट्रोल शिफ्ट पी दाबा आणि 'स्टार्ट एक्सटेंशन बायसेक्ट' निवडा. दर वेळी काही एक्सटेंशन बंद करून तो विचारतो, आता ठीक आहे का? दर फेरीत संशयित निम्मे होतात. चाळीस असतील तर पाच-सहा फेऱ्यांत उत्तर मिळतं. प्रत्येक फेरीत तोच शब्द नव्याने टाइप करून सेव्ह करा. आधीच मोडलेला शब्द बघून ठरवू नका.

शिवार (परभणी)
ताई, पानावर उगवणक्षमता चाचणी टाकली का? घरचं बियाणं वापरणाऱ्यांनी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघावेत. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचं बियाणं पुरतं, कमी उगवले तर त्या मानाने वाढवावं लागतं. आणि ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे ठळक अक्षरात लिहा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १६२, ६१२ हे वाणही द्या. दुबार पेरणीने माणूस मोडतो हो.

मांजराकाठ
चाचणीचं टाकलंय, पावसाचं ठळक करते.

बायसेक्ट केलं. त्याने टेम्प्लेटच्या (पानांच्या साच्यांच्या) एक्सटेंशनचं नाव दाखवलं. ते बंद केलं की अक्षरं मोडत नाहीत, खरंय. पण त्याच्याशिवाय टेम्प्लेटच्या फायलींना रंग नाही, टॅग आपोआप बंद होत नाहीत. आणि त्याची सगळी सेटिंग वाचली, मजकूर बदलायचं त्यात काहीच नाही. मग ते कसं मोडतंय?

पैठणगेट
काढून दुसरं टाका ना. एवढी चौकशी कशाला?

बालाघाट
काढू नका, ते एकटं दोषी नाही. बायसेक्ट दोषी एकच आहे असं धरून चालतं. दोन एक्सटेंशन मिळून बिघाड होत असेल तर दोघांपैकी एकाचंच नाव पुढं येतं.

आधी अक्षराचं बघू. जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह असतं, युनिकोडमध्ये २००डी. ते चिन्ह गेलं की र सरळ रफार होऊन पुढच्या य वर चढतो. तुमचा फोनेटिक कीबोर्ड बहुतेक तेच चिन्ह घालतोय. शोधपट्टीत रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्याने शोधायची सोय) चालू करा आणि उलटी तिरकी रेघ, यू, २००डी असं शोधा. सेव्हच्या आधी किती सापडतात, नंतर किती, ते बघा. नंतर शून्य आले तर कोणीतरी ते चिन्ह पुसतंय, म्हणजे फॉन्टचा वाद संपला.

मग टेम्प्लेटचं एक्सटेंशन बंद ठेवा, बाकी सगळे चालू. खाली उजवीकडं फाइलची भाषा दिसते, तिथं हाताने एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, निवडा आणि सेव्ह करा. तरीही मोडलं तर खरा हात एचटीएमएलवर काम करणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा आहे, आणि टेम्प्लेटवालं फक्त तुमच्या फायली एचटीएमएल आहेत असं एडिटरला सांगतंय.

उदगीरकर
फॉरमॅट ऑन सेव्ह, म्हणजे सेव्ह करताना मांडणी आपोआप नीट करणारी सेटिंग, बंद करा, विषय संपतो.

बालाघाट
संपेलच असं नाही. काही एक्सटेंशन ती सेटिंग बघत नाहीत, सेव्हच्या घटनेवर स्वतंत्रपणे चालतात.

मांजराकाठ
सेव्हच्या आधी चिन्हं सापडली, नंतर एकही नाही. फॉरमॅट ऑन सेव्ह बंद करूनही तेच. हाताने एचटीएमएल निवडलं तरी मोडलं. मग एचटीएमएलला हात लावणारी तेवढी एकेक बंद केली. एक एक्सटेंशन सेव्ह करताना अदृश्य अक्षरं काढून टाकतं, तेच आहे. एचटीएमएलमध्ये चालू, साध्या मजकुरात बंद. वेबवरून कोड चिकटवताना नको ती चिन्हं येतात म्हणून टाकलं होतं. ते बनवणाऱ्यांनी मराठीचा विचारच केलेला नाही. आपल्या लिपीत ते चिन्ह कचरा नाही, अक्षराचा भाग आहे!

आता या प्रोजेक्टपुरतं बंद केलंय. टेम्प्लेटचं एक्सटेंशन चालू आहे आणि अक्षरं शाबूत आहेत. पण आधी मोडलेल्या फायलींचं काय?

गोदाकाठ
फायलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवणारं गिट वापरता ना? प्लगिन टाकायच्या आधीची नोंद काढा.

मांजराकाठ
काही पानं नंतर लिहिलीत. शोधून सगळीकडं एकदम बदलू का?

बालाघाट
सरसकट नको. 'कार्यालय', 'सूर्यफूल', 'आर्द्रता' यांतला रफार बरोबर आहे, तो बिघडेल. शब्द धरून बदला: 'शेतकर्य', 'दुसर्य', 'वार्या', 'पेरणार्य'. ह च्या आधीचा र ही असाच बदलला असेल, 'तर्हा', 'वर्हाड', तेही बघा. बदलताना ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरा, युनिकोडमध्ये ०९३१. त्यात ते अदृश्य चिन्ह लागतच नाही, त्यामुळे उद्या दुसऱ्या कोणाच्या एडिटरमध्ये पुसणारं एक्सटेंशन असलं तरी शब्द टिकतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे, मग हलन्त, मग य.

शिवार (परभणी)
पान तयार झालं की लिंक द्या. आमच्या गटात टाकतो. बीजप्रक्रियेचं राहिलं असेल तर सांगा, लिहून देतो.

मांजराकाठ
'शेतकऱ्य' सगळीकडं झालं. 'वाऱ्या' आणि 'पेरणाऱ्य' करतेय. बीजप्रक्रियेचं राहिलंय, द्या दादा. ऱ इनस्क्रिप्टच्या शिफ्ट जेनेच टाइप करा.