प्लॉटली: एका फिगरमधल्या तीन आलेखांची बटणं एकमेकांना न बिघडवता कशी चालवायची?

नमस्कार मंडळी, पायथनच्या प्लॉटलीमध्ये (आलेख काढायची लायब्ररी) अडलो आहे, मदत हवी आहे.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. जुलै-ऑगस्टमध्ये इथे ज्याच्या त्याच्या तोंडी तीनच आकडे असतात: कोयना धरणात साठा किती, वर पाऊस किती, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. हे आकडे रोज कळतात, पण वेगवेगळे कळतात. ते एकाखाली एक दिसले तर वर धरणाच्या भागात नवजाला झोडपलेला पाऊस आणि आपल्याकडची पातळी यांचा संबंध लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. जनावरं कधी हलवायची, मोटारी कधी वर काढायच्या, हे त्यावर ठरतं.

म्हणून एक्सेलमध्ये उतरवलेल्या रोजच्या नोंदींवरून एकच फिगर केली आहे. मेक सबप्लॉट्स वापरून तीन ओळी, तिन्हींचा तारखेचा अक्ष सामाईक:

पहिल्या ओळीत कोयनेचा साठा टीएमसीमध्ये, 105.25 टीएमसीला आडवी रेघ. बटणं दोन: "साठा" आणि "रोजची वाढ-घट".

दुसऱ्या ओळीत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस मिलिमीटरमध्ये. बटणं: "रोजचा" (स्तंभ) आणि "1 जूनपासूनचा एकूण" (रेघा).

तिसऱ्या ओळीत आयर्विनची पातळी फुटांत, 40 ला इशारा आणि 45 ला धोका अशा दोन आडव्या रेघा. बटणं: "पातळी" आणि "रोजची चढ-उतार".

एकूण ट्रेस (म्हणजे आलेखातली एकेक रेघ किंवा स्तंभांची एकेक मालिका) दहा. साठ्याचे 0 आणि 1, पावसाचे 2 ते 7 (आधी तिन्ही ठिकाणचे स्तंभ, मग तिन्ही रेघा), आयर्विनचे 8 आणि 9. प्रत्येक बटणाची मेथड अपडेट, आणि व्हिजिबलला (कोणता ट्रेस दिसावा, कोणता नाही) दहा ट्रू-फॉल्सची यादी.

अडचण अशी की पावसाचं बटण दाबलं की वरचा साठा आणि खालची पातळी दोन्ही आपोआप पहिल्या रूपावर परत जातात. पावसाच्या बटणाच्या यादीत साठ्याच्या दोन ट्रेससाठी काही ना काही लिहावंच लागतं, आणि लिहिलं की ते लागू होतं. वापरणाऱ्याने तिथे आधी काय निवडलंय हे त्या बटणाला कळायचं कसं? सगळ्या जोड्यांचा एकच मेनू केला तर आठ बटणं होतात, आणि एका आलेखाला तिसरं रूप दिलं की बारा. मोबाईलवर हे कुणी वापरणार नाही.

आणखी एक अट आहे: सर्व्हर नको. एचटीएमएलची एक फाईल व्हॉट्सअॅपवर टाकली की फोनच्या ब्राउझरमध्ये उघडली पाहिजे.

प्रतिसाद 1

सर्व्हर चालला असता तर डॅश (प्लॉटलीचंच, सर्व्हरवर चालणारं साधन) सांगितलं असतं. तिथे प्रत्येक आलेखाचा स्वतंत्र ग्राफ आणि स्वतंत्र कॉलबॅक (बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन), त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. तुमच्या अटीत बसणारा सोपा उपाय म्हणजे तीन वेगळ्या फिगर करा. प्रत्येकीचं टू एचटीएमएलने तुकड्यात रूपांतर करा (फुल एचटीएमएल फॉल्स), प्लॉटलीची जावास्क्रिप्ट फक्त पहिल्या तुकड्यात ठेवा आणि तिन्ही तुकडे एका पानात जोडा. एका फिगरच्या बटणाचा दुसरीला स्पर्शही होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

धन्यवाद. ही वाट मनात होती, पण त्यात सामाईक अक्ष जातो. ऑगस्टचा एखादा आठवडा झूम केला की तिन्ही आलेख एकत्र सरकायला हवेत. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि मग ते पाणी आमच्याकडे येतं. पाऊस पडल्यापासून पातळी चढेपर्यंत किती वेळ जातो तो बघण्यासाठीच तर सगळा खटाटोप आहे. तीन आलेख वेगवेगळे सरकले तर हे दिसणारच नाही.

प्रतिसाद 2

एकाच फिगरमध्ये होतं. दहाची यादी सोडून द्या.

अपडेट मेथडच्या आर्ग्जमध्ये तीन गोष्टी देता येतात: पहिली ट्रेसमधले बदल, दुसरी लेआउटमधले (अक्ष, शीर्षकं, आडव्या रेघा अशा मांडणीतले) बदल, आणि तिसरी म्हणजे हे बदल कोणत्या ट्रेसना लावायचे त्यांचे क्रमांक. तिसरी दिली नाही तर बदल सगळ्या ट्रेसना लागतात. तुमचं नेमकं तेच होतंय. आयर्विनच्या "पातळी" बटणाला व्हिजिबल म्हणून [ट्रू, फॉल्स] एवढंच द्या आणि शेवटी [8, 9]. पावसाच्या "रोजचा" बटणाला तीन ट्रू, तीन फॉल्स आणि [2, 3, 4, 5, 6, 7]. बाकीच्या ट्रेसना हात लागत नाही, त्यामुळे तिथे काय निवडलंय हे बटणाला माहीत असण्याची गरजच उरत नाही.

लेआउट बदलायचंच नसेल तर रीस्टाइल ही मेथड वापरा. तिथे क्रमांकांची यादी दुसऱ्या जागी येते, अपडेटमध्ये तिसऱ्या. आणि अपडेट मेन्यूज ही यादी असते: तीन आलेखांचे तीन वेगळे मेनू त्यात ठेवा, म्हणजे दाबलेलं बटण ज्याच्या त्याच्या गटात रंगलेलं दिसेल.

मूळ प्रश्नकर्ता

चाललं! आता साठा वाढ-घटीवर ठेवून पाऊस एकूणवर नेता येतो, दोन्ही जागच्या जागी राहतात. मनापासून आभार.

पण आयर्विनला "रोजची चढ-उतार" निवडलं की 40 आणि 45 च्या रेघा तशाच राहतात. चढ-उतार दोन-चार फुटांची, आणि अक्ष पार 45 पर्यंत ताणलेला, त्यामुळे स्तंभ तळाशी चेपून जातात. त्या बटणात लेआउटचे शेप्स म्हणून रिकामी यादी दिली तर कोयनेची 105.25 ची रेघसुद्धा गेली.

प्रतिसाद 2

आडव्या रेघा ट्रेस नसतात, त्या लेआउटच्या शेप्समध्ये जातात, आणि शेप्सची यादी अख्ख्या फिगरची एकच असते. ती पूर्ण बदललीत की सगळ्यांच्याच रेघा बदलतात. म्हणून इथेही फक्त आपल्या रेघांचं नाव घ्यायचं. कोयनेची रेघ आधी टाकली असेल तर ती 0, आयर्विनच्या 1 आणि 2. लेआउटच्या भागात 'शेप्स[1].व्हिजिबल' आणि 'शेप्स[2].व्हिजिबल' अशा दोन किल्ल्या लिहून त्यांना फॉल्स द्या, "पातळी" बटणात ट्रू. लपवलेली रेघ अक्षाच्या हिशेबात धरली जात नाही, त्यामुळे स्तंभ पुन्हा मोकळे होतील.

रेघांना "इशारा", "धोका" अशी अक्षरं जोडली असतील तर ती अॅनोटेशन्समध्ये असतात. तिथले पहिले तीन क्रमांक सबप्लॉटच्या शीर्षकांनी घेतलेले असतात, म्हणून मोजणी 3 पासून धरा. शीर्षकही बटणासोबत बदलायचं असेल तर 'अॅनोटेशन्स[2].टेक्स्ट'. आणि कुणी आधीच उभ्या अक्षावर झूम केलं असेल तर तोच पल्ला अडकून राहतो, म्हणून 'वायअॅक्सिस3.ऑटोरेंज' ट्रू हेही त्याच जागी घाला.

एक मर्यादा राहते. लेजेंडवर (बाजूच्या नावांच्या सूचीवर) टिचकी मारून कुणी महाबळेश्वर बंद केलं आणि मग पावसाचं बटण दाबलं, तर महाबळेश्वर परत दिसू लागेल, कारण बटण त्या ट्रेसना ठरलेलंच मूल्य देतं.

मूळ प्रश्नकर्ता

लेजेंडचं चालेल. शेवटचं एकच विचारतो: प्रत्येक मेनू आपापल्या आलेखाच्या डोक्यावर बसवायला वायचे (उभ्या जागेचे) आकडे अंदाजाने टाकतोय. उंची बदलली की सगळं सरकतं.

प्रतिसाद 2

अंदाज नको. मेनूचा वाय 0 ते 1 मध्ये मोजतात, आणि सबप्लॉटचा डोमेनही (आलेखाने फिगरमध्ये व्यापलेली जागा) त्याच मापात असतो. फिगर तयार झाल्यावर लेआउटच्या वायअॅक्सिस2 चा डोमेन वाचा, त्यातला दुसरा आकडा म्हणजे पावसाच्या आलेखाची वरची कड. तोच त्या मेनूला द्या, वायअँकर बॉटम ठेवा, दिशा राइट. ओळींमधलं अंतर व्हर्टिकल स्पेसिंगने थोडं वाढवा, नाहीतर बटणं शीर्षकावर चढतील. फाईल लिहिताना जावास्क्रिप्ट आतच ठेवा. फाईल काही एमबींची होईल, पण पुराच्या दिवसांत नेट गेलं तरी फोनवर उघडेल.