अलास्कातल्या अभयारण्याखालचं तेल: निर्णय राज्याचा की केंद्राचा?

उत्तरायण

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भावाकडे फेअरबँक्सला गेलो होतो. गावाबाहेर फॉक्स म्हणून वस्ती आहे, तिथे रस्त्याला लागूनच अलास्काची तेलवाहिनी दिसते. चार फूट व्यासाचा नळ, खांबांच्या जोड्यांवर तोलून धरलेला. खांबांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचे झुबके. खालची जमीन बारमाही गोठलेली, ती वितळली तर खांब खचणार. म्हणून हिवाळ्यात जमिनीतली ऊब वर ओढून हवेत सोडायची, एवढंच त्या पात्यांचं काम. मी फोटो काढत होतो तर भावाचा शेजारी म्हणाला, काढा काढा, आमच्या अन्नदात्याचा फोटो आहे.

थट्टा नव्हती ती. अलास्कात राज्याचा आयकर नाही, राज्याचा विक्रीकरही नाही. उलट तेलाच्या पैशातून उभारलेल्या कायम निधीतून दर वर्षी प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळालासुद्धा, लाभांश मिळतो. २०२२ मध्ये तो ३,२८४ डॉलर होता, २०२५ मध्ये १,०००. नळातलं तेलही आटलंय. १९८८ च्या सुमारास दिवसाला २० लाख पिंपं वाहायची, आता ५ लाखांच्याही खाली. म्हणून राज्याची नजर ईशान्य कोपऱ्यातल्या आर्क्टिक अभयारण्यावर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे अभयारण्य महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाएवढं, सुमारे १.९ कोटी एकर. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरच्या काळात १९६० मध्ये त्याची सुरुवात झाली आणि कार्टरच्या सहीने १९८० मध्ये ते दुपटीहून मोठं झालं. त्या १९८० च्या कायद्याने समुद्राकाठची १५ लाख एकरांची पट्टी (रायगड जिल्ह्याहून थोडी लहान) अधांतरी ठेवली. तिथे तेल असेल, पण काँग्रेसने (म्हणजे त्यांच्या संसदेने, आपल्या पक्षाने नव्हे) वेगळा कायदा केल्याशिवाय काढायचं नाही. तो कायदा २०१७ मध्ये करकपातीच्या विधेयकात घुसवून झाला. त्यानंतरची गंमत माहीत असेलच: ट्रम्पनी लिलाव केला, बायडेननी भाडेपट्टे रद्द केले, ट्रम्पनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळी पट्टी पुन्हा खुली केली.

माझं मत: जमीन केंद्राची आहे, म्हणजे फ्लोरिडातल्या शाळामास्तरचीही तितकीच आहे. राज्याला उत्पन्नात वाटा जरूर द्या. पण वाटेकरी झाला म्हणून कोणी मालक होत नाही.

तेलकट_तात्या

उमेदीची वर्षं मुंबई हायच्या फलाटावर काढली आहेत, तेव्हा तेलाबद्दल ऐकीव बोलत नाही.

फ्लोरिडातला मास्तर त्या पट्टीवर कधी पाय ठेवणार नाही. त्याच्यासाठी ते कॅलेंडरवरचं चित्र आहे. अलास्कातल्या माणसाला तिथे उणे चाळीसमध्ये संसार करायचाय. त्या राज्याची साधारण ६० टक्के जमीन केंद्राच्या ताब्यात आहे. आपल्याकडे एखाद्या राज्याला सांगा, तुमच्या दहा एकरांतले सहा दिल्लीचे, आणि उरलेल्यात सुखाने नांदा. दुसऱ्या दिवशी बंद पुकारतील.

आणि शब्द कोणी मोडला? १९५९ मध्ये राज्य झालं तेव्हा करार होता की केंद्राच्या जमिनीवरच्या खनिज भाडेपट्ट्यांतून ९० टक्के अलास्काला. २०१७ च्या कायद्याने या पट्टीपुरते ते पन्नास-पन्नास केले. शिवाय त्याच १९८० च्या कायद्यात लिहिलंय की आता बास, यापुढे केंद्राने परस्पर मोठाली क्षेत्रं राखीव करायची नाहीत. दोन वर्षं आधी कार्टरनी एका फटक्यात साडेपाच कोटी एकर राष्ट्रीय स्मारकं म्हणून जाहीर केले होते, तेव्हा तुमच्या भावाच्या फेअरबँक्समध्येच त्यांचा पुतळा जाळला होता लोकांनी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

कायदेकानू

तात्या, राग समजतो, पण कागद तुमच्या विरोधात आहे. ज्या कायद्याने अलास्का राज्य झालं त्यातच लिहिलंय की राज्याला न दिलेल्या जमिनीवरचा हक्क राज्य कायमचा सोडत आहे. राज्याच्या घटनेतही तेच. त्या बदल्यात राज्याला दहा कोटींहून जास्त एकर निवडून घेण्याची मुभा मिळाली. प्रुडो बेचा परिसर राज्याने १९६४ मध्ये निवडला आणि १९६८ मध्ये तिथेच अमेरिकेतलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र सापडलं. पंक्तीत पहिली वाढणी त्यांचीच होती. आता शेजारच्या पानातल्या जिलेबीवर हक्क सांगताहेत.

केंद्राचा अधिकार किती, याचा निकाल गाढवांवरून लागलाय, अक्षरशः. न्यू मेक्सिकोत एका गुरंवाल्याने तक्रार केली की केंद्राच्या कुरणावरची रानगाढवं माझ्या गुरांचा चारा खातात. राज्याच्या पशुधन मंडळाने १९ गाढवं पकडून लिलावात विकली. केंद्र म्हणालं, कायद्याने ती संरक्षित आहेत, परत आणा. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सार्वजनिक जमिनीवरचा काँग्रेसचा अधिकार अमर्याद आहे, आणि तिथल्या वन्यजीवांचं रक्षणही त्यातच आलं. राज्याचे कायदे तिथेही चालतात, पण केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली की राज्याने माघार घ्यायची.

अलास्काने प्रयत्न सोडलेत असं नाही. याच अभयारण्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याखालच्या जमिनीवर त्यांनी दावा सांगितला होता, १९९७ मध्ये हरले. २०१९ मध्ये मात्र जिंकले, तेही एका हरणाच्या शिकाऱ्यामुळे. राष्ट्रीय उद्यान विभागाने नदीवर हॉवरक्राफ्ट चालवायला बंदी केली म्हणून हा गडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा गेला, आणि नदी केंद्राच्या मालकीची नाही असं ठरवून आला. चिकाटी असावी तर अशी.

सुमेधा_ह्यूस्टन

तुमच्या सगळ्या चर्चेत एक गाव कुठेच नाही. काक्टोविक. अभयारण्याच्या हद्दीतलं एकमेव गाव, वस्ती अडीचशेच्या आसपास, तिथले मूळचे इनुपियाट लोक. त्यांच्या गावाच्या कंपनीची स्वतःची सुमारे ९२ हजार एकर जमीन त्या पट्टीत आहे. स्वतःच्या जमिनीत तेल काढायलाही त्यांना वॉशिंग्टनची परवानगी लागते! उत्तरेकडच्या त्या प्रशासकीय विभागाला शाळा, दवाखाना, अग्निशमन, सांडपाण्याची व्यवस्था हे सगळं तेल कंपन्यांच्या मालमत्तांवरच्या करातून मिळालं. त्याआधी घराघरात शौचालय म्हणजे बादली होती. ती भरली की कोणीतरी उचलून न्यायची. 'अस्पर्श निसर्ग' हा शब्द ज्यांच्या घरी फ्लश आहे त्यांनीच शोधलेला दिसतो.

मी तेलाच्या नोकरीवरच जगते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी शोधून काढायला नको.

रानवाटा

सुमेधाताई, काक्टोविक आहे तसंच आर्क्टिक व्हिलेजही आहे, डोंगरांच्या दक्षिणेला. तिथले ग्विचिन लोक कॅरिबूंच्या (रेनडियर जातीच्या हरणांच्या) पोर्क्युपाइन नावाच्या कळपावर जगतात. २०१७ च्या मोजणीत हा कळप २ लाख १८ हजारांचा होता. माद्या शेकडो मैल चालून मे अखेरीला याच किनारपट्टीवर वितात. कारण साधं आहे. तिथे लांडगे-अस्वलं कमी, बर्फातून नुकतंच डोकं वर काढणारं कोवळं गवत, आणि समुद्रावरचा वारा डासांना टेकू देत नाही. ग्विचिन लोक या जागेला जीवनाचा आरंभ होतो ती पवित्र जागा म्हणतात आणि भूक लागली तरी तिथे पाऊल टाकत नाहीत. आपल्याकडे देवराईतली काटकी उचलत नाहीत, त्यातलाच प्रकार.

आता सांगा, यांचं राज्य कोणतं? तेही अलास्काचेच नागरिक. राज्याचा हक्क म्हणताना राजधानी जूनोत बसलेलं सरकार त्यांच्या वतीने बोलतं का? आणि कळप तर कॅनडातही जातो. पलीकडे कॅनडाने दोन राष्ट्रीय उद्यानं केलीत, १९८७ मध्ये दोन्ही देशांनी या कळपासाठी करार केलाय. परदेशाशी केलेला करार राज्य पाळणार की केंद्र?

तेलकट_तात्या

कॅरिबू संपतील हे १९७० पासून ऐकतोय. प्रुडो बेजवळचा कळप तेल आल्यावर ५ हजारांवरून २०१० पर्यंत ७० हजारांवर गेला. नळाखालून आरामात जातात, फोटो आहेत.

रानवाटा

आणि २०१६ मध्ये तोच कळप २२ हजारांवर आला, ते फोटो नाहीत का? चढ तेलामुळे नव्हता आणि उतारही फक्त तेलामुळे नसेल, एवढं मी मान्य करते. पण प्रुडोजवळ सपाटी रुंद आहे, माद्यांना बाजूला सरकायला जागा मिळाली. इथे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये काही ठिकाणी जेमतेम १५-२० मैल. सरकणार कुठे?

१९८४-८५ च्या हिवाळ्यांत तिथे तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींची पाहणी झाली. भोक एकही नाही, नुसत्या गाड्या बर्फावरून फिरल्या. त्यांच्या चाकोऱ्या कित्येक ठिकाणी अनेक दशकं दिसत होत्या. टुंड्रा, म्हणजे तिथली गोठलेली उघडी जमीन, ओलं सिमेंट समजा. एकदा पाय उमटला की उमटला.

उत्तरायण

तात्या, हक्काचं सोडा, आपण हिशेब बघू. २०१७ मध्ये सांगितलं की लिलावांतून अब्जाहून जास्त डॉलर येतील. ६ जानेवारी २०२१ ला पहिला लिलाव झाला (हो, तोच दिवस, संसदेवर जमाव चालून गेला तो, म्हणून बातमी कोणी वाचलीच नाही). आले किती? १ कोटी ४४ लाख. मोठी एकही तेल कंपनी फिरकली नाही. दोन बारक्या कंपन्यांनी एकेक भूखंड घेतला, आणि उरलेल्या नऊ भूखंडांवर बोली लावणारा कोण? अलास्का राज्याचंच औद्योगिक विकास प्राधिकरण! ज्याने लिलावातून पैसे मिळवायचे, त्यानेच पैसे भरले. बारक्या कंपन्या पुढच्या वर्षी पट्टे परत करून मोकळ्या झाल्या. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली नाही.

त्या पट्टीत आजवर एकच विहीर खणली गेली, १९८५-८६ मध्ये, काक्टोविकच्या जमिनीत. तिचा निकाल कंपन्यांनी तीन दशकं तिजोरीत ठेवला. तिथे घबाड लागलं असतं तर एव्हाना दबून राहिलं असतं का? सरकारी भूवैज्ञानिकांचा १९९८ चा अंदाज मध्यम हिशेबाने १० अब्ज पिंपांचा आहे खरा, पण तो अंदाज. बाजारात तुरी, भट भटणीला मारी.

तेलकट_तात्या

राज्याने बोली लावली कारण केंद्राचं सरकार दोन आठवड्यांत बदलणार हे दिसत होतं! उद्या पट्टा रद्द होईल अशा जागेत कोणती कंपनी पैसे घालेल? आधी दार करकचून बंद करायचं आणि मग म्हणायचं, बघा, पाहुणे येतच नाहीत. बायडेननी पहिल्याच दिवशी काम थांबवलं, सप्टेंबर २०२३ मध्ये नऊपैकी राज्याला प्रत्यक्षात मिळालेले सातही पट्टे रद्द केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने हे रद्द करणं बेकायदा ठरवलं. कायदेकानू, हा कागद कोणाच्या बाजूचा?

आणि त्याच बायडेननी मार्च २०२३ मध्ये पश्चिमेकडे विलो तेलप्रकल्पाला मंजुरी दिली, ६० कोटी पिंपांचा. तीही केंद्राचीच जमीन, तिथेही कॅरिबू. पवित्र जागा कोणती हे वॉशिंग्टनला कसं कळतं, तेवढं सांगा.

कायदेकानू

मुद्दा रास्त. पण न्यायालयाने काय म्हटलं ते बघा. काँग्रेसने कायदा करून लिलाव करा म्हटलंय, तर मंत्र्याला आपल्या अधिकारात पट्टे मोडता येत नाहीत. म्हणजे जिंकली केंद्राचीच संसद, हरलं केंद्राचंच मंत्रालय. राज्य त्यात निव्वळ भाडेकरू म्हणून आलं होतं. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी चार लिलाव सक्तीचे केलेत, तेही वॉशिंग्टननेच.

खोडसाळ_बुवा

तात्या, एक विचारू? ज्या मुंबई हायवर तुम्ही उमेद घालवलीत, त्याच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) महाराष्ट्राचा वाटा किती?

तेलकट_तात्या

शून्य. १९७४ पासून. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्राखालचं सगळं केंद्राचं. जमिनीवर तेल सापडलं तर राज्याला स्वामित्वधन, आसाम-गुजरातला मिळतं. म्हणून तर पोटतिडकीने बोलतोय ना.

खोडसाळ_बुवा

मग आसामचंही ऐका. २७ मे २०२० ला बागजानची विहीर फुटली, ९ जूनला पेटली, विझायला नोव्हेंबर उजाडला. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंग बील (पाणथळ तळं) शेजारीच. माझा मेव्हणा तिनसुकियाला होता त्या वेळी. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की काळं व्हायचं म्हणतो. तेल केंद्राच्या कंपनीचं, स्वामित्वधन राज्याला, आणि बीलात जाळं टाकणाऱ्याचे मासे गेले. त्याने कोणाच्या दारात उभं राहायचं यावर तेव्हा बरीच टोलवाटोलवी झाली.

सुमेधा_ह्यूस्टन

बागजानचं वाचून गप्प बसले थोडा वेळ. तरी काक्टोविकच्या ९२ हजार एकरांचं उत्तर कोणी दिलं नाही. फ्लोरिडाचा मास्तर मालक आहे, ग्विचिनांचं देवस्थान आहे, कॅनडाचा करार आहे. त्या गावाच्या हातात काय आहे?

उत्तरायण

उत्तर नाही माझ्याकडे, खरंच. 'वाटेकरी मालक होत नाही' असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं, पण काक्टोविकवाले वाटेकरी नाहीत, मालकच आहेत, आणि त्यांचेच हात बांधलेत. केंद्राच्या जमिनीबद्दल माझं मत तेच आहे. त्यांच्या जमिनीबद्दलचं मागे घेतो. भावाच्या शेजाऱ्याला हा धागा वाचून दाखवायला सांगितलंय, मराठीतून भाषांतर करत. तो काय म्हणाला ते कळवतो.

तेलकट_तात्या

त्याला विचारा, यंदा लाभांश किती येणार म्हणे?