केबलमुळे पिअर (पुलाचा खांब) ७५ दिवस उशिरा मिळाला, मुदतवाढ किती मागू?

साईटवरचा_पक्या:
मंडळी, नाल्यावरचा छोटा पूल, प्लॅनिंग मी बघतो. पी४ (चौथा पिअर) च्या जागेत २२ केव्हीची केबल निघाली, ती हलवून जागा हातात यायला ७५ दिवस गेले. साहेब म्हणतात बेसलाइनमध्ये (मूळ वेळापत्रकात) ७५ दिवसांची पट्टी घाल, एफ९ दाबून सॉफ्टवेअरला तारखा परत काढू दे, येईल ती तारीख माग. क्लायंटचा कन्सल्टंट म्हणतो तुमचंच पायलिंग रिग (पायासाठी खोल भोकं पाडायचं यंत्र) पी६ वर २० दिवस बंद होतं, कन्करंट डिले (दोघांचाही उशीर एकाच वेळी) आहे, मुदतवाढ विसरा. एलडी (उशिराची भरपाई) डोक्यावर आहे, काय करू?

बारचार्ट_काका:
अरे थेट ७५ मागू नकोस, हसतील. पी४ ला फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता चालणारी सवड, किती होता? समजा १५, तर पहिले १५ फ्लोटच खातो, शेवटची तारीख ६०च सरकते. रिगचंही तेच, पी६ ला तेव्हा २० पेक्षा जास्त फ्लोट असेल तर कन्करंट कसलं, तारखेला धक्काच नाही लागला. आणि ती बेसलाइनमध्ये पट्टी घुसवायची पद्धत सोपी आहे पण प्रत्यक्षात काम कुठवर आलं होतं ते तिला दिसतच नाही, समोरचा पहिल्या मीटिंगलाच उडवेल. विंडोज ॲनालिसिस कर, म्हणजे दर महिन्याचं अपडेट घेऊन त्या महिन्यात तारीख किती सरकली आणि क्रिटिकल पाथ (शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी) कुठून जात होता ते बघत जा. मे मधलं फाउंडेशन जुलैत गेलं की नाल्याला पाणी, ते दिवससुद्धा केबलच्याच खात्यात मांड.

माजी_क्यूएस:
खरंच कन्करंट निघालं तरी 'विसरा' कसं? लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या प्रोटोकॉलप्रमाणे (२०१७, दुसरी आवृत्ती) वेळ मिळते, जादा खर्च मात्र वेगळा काढून दाखवता आला तरच. अर्थात तुझं काँट्रॅक्ट आधी. अन् गँग इकडून तिकडे नाचवल्याने काम मंदावलं असेल तर ते यात कोंबू नको, ते डिसरप्शन. त्याला मेजर्ड माइल, म्हणजे अडथळा नव्हता तेव्हा माणशी दिवसाला किती सळई बांधून व्हायची आणि नंतर किती.

खडी_वाळू:
नोटीस वेळेत दिलीय का? काँट्रॅक्ट फिडिक (आंतरराष्ट्रीय नमुना करार) असेल तर २८ दिवस. हिंड्रन्स रजिस्टरवर (अडथळ्यांच्या नोंदवहीवर) सही कोणाची?

साईटवरचा_पक्या:
नोटीस १९ व्या दिवशी गेलीय, रजिस्टरवर त्यांच्याच इंजिनिअरची सही, देव पावला. फ्लोट पी४ ला १२, पी६ ला ३४ निघाला. पण फेब्रुवारीचं अपडेटच सापडत नाही, जुन्या प्लॅनरकडे होतं अन् तो दुबईला 😭

बारचार्ट_काका:
डेली रिपोर्टवरून फेब्रुवारी उभा कर, फक्त मागाहून बनवलाय असं वर स्पष्ट लिही.